डोळ्यांचं प्रेशर : कोणतं यंत्र खरं बोलतं?

आमच्या फ्रिजच्या दारावर कितीतरी महिने एक चिठ्ठी चिकटवलेली होती. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेचं वेळापत्रक, आणि त्यांच्या शेजारी ही चिठ्ठी. 'उजवा १५, डावा १६' एवढंच तिच्यावर छापलेलं. ते माझ्या आईच्या डोळ्यांचं प्रेशर. येता-जाता त्या आकड्यांकडे पाहून मला बरं वाटायचं. आईचं काहीतरी केलं, लेकीचं कर्तव्य पार पाडलं, असं समाधान.

त्याच चिठ्ठीनं आमचा घात केला असं मी आज म्हणते, तेव्हा आमचे 'हे' मला दुरुस्त करतात. "चिठ्ठीनं नाही, आपण ती जशी वाचली त्यानं." त्यांचं बरोबर आहे. म्हणून ती कशी वाचावी, हेच आज तुम्हांला सांगायला बसले आहे.

माझं सासर सातारा, माहेर सांगली. आई गेल्या वर्षी पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा आमच्या कॉलनीच्या सभागृहात डोळ्यांची मोफत तपासणी होती. मी आईला घेऊन गेले. एका यंत्रासमोर तिला हनुवटी टेकवायला सांगितली, डोळ्यावर वाऱ्याची फट्‌कन फुंकर बसली, आई दचकली, आणि यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. "दहा ते एकवीसच्या आत आहे, मावशी. एकदम नॉर्मल." झालं! येताना आम्ही कंदी पेढे घेतले आणि घरी आलो.

आठ महिन्यांनी वहिनीचा सांगलीहून फोन आला. वहिनी बोलायला मोजकी आणि नजरेनं तीक्ष्ण. म्हणाली, "आई हल्ली चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडतात. परवा मी डाव्या बाजूला उभी होते, तर त्यांना दिसलेच नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकते. मी म्हटलं, दाखवू या, तर म्हणतात मोतीबिंदू असेल, पिकू दे."

हे 'पिकू दे' किती घरांत ऐकू येतं ना? मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची, मग शिबिरात जाऊन काढून यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. १९७६ साली सरकारनं अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, गावोगाव शिबिरं भरली, हजारो आजी-आजोबांना पुन्हा दिसू लागलं. त्यामुळे नजर कमी झाली की मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हणजे आज ना उद्या बरा होणारा, असं समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे, काचबिंदू. नावात तेवढं साम्य, बाकी सगळं उलटं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं; ते बदललं की दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते, आणि गेलेली नजर कोणत्याही औषधानं, कोणत्याही ऑपरेशननं परत येत नाही. शिवाय तो कडेनं खातो. समोरचं स्पष्ट दिसत असतं, सुईत दोरा ओवता येतो, पंचांग वाचता येतं, आणि बाजूचं मात्र हळूहळू नाहीसं होत असतं. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून आपल्या देशात चाळिशीपुढच्या एक कोटीहून अधिक लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज असूनही त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो.

मी सकाळच्या एस.टी.नं निघाले. कऱ्हाड गेलं, पेठ नाक्यावर गाडी आत वळली, आष्टा आलं, आणि सबंध रस्ताभर मी मनाशी तीच चिठ्ठी घोळवत होते. १५ आणि १६. नॉर्मल. मग काय झालं असेल?

सांगली-मिरज म्हणजे दवाखान्यांचा मुलूख. मिरजेला डॉक्टर वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ सालचं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोक इथंच धाव घेतात. वहिनीनं ज्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ते वयस्कर, शांत. त्यांनी आईला तपासलं, बाहुली मोठी करायचे थेंब घातले, आत पाहिलं, एका यंत्रावर बसवून दिवे दिसले की बटण दाबायला लावलं आणि मग आम्हांला आत बोलावलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उजवा बराचसा सुरक्षित. डाव्याची निम्मी-अधिक बाजूची नजर गेलेली.

मी पर्समधून ती चिठ्ठी काढली. खरं सांगते, मला भांडायचंच होतं. "डॉक्टर, हे बघा. आठ महिन्यांपूर्वी नॉर्मल होतं."

त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "आजही साधारण तेवढंच आहे. १७ आणि १८. यंत्र खोटं बोललं नाही. पण त्याला जेवढं विचारलं, तेवढंच त्यानं सांगितलं."

मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. न कळलेलं वाक्य वर्गात सोडायचं नाही हा माझा नियम, तोच तिथं लावला. पेशंट संपल्यावर त्यांनी मला अर्धा तास दिला. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं, काही नंतर वाचलेलं.

आधी हे प्रेशर म्हणजे काय ते पाहू. बीपीशी त्याची गल्लत करू नका. "माझं बीपी बरोबर आहे, मग डोळ्यांचं प्रेशर कसं वाढेल?" असं आपण सहज म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याच्या आत सतत थोडं पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर झिरपतं. हे अश्रूंचं पाणी नव्हे, आतलं. जाळी तुंबली की मोरी तुंबल्यासारखं होतं. पाणी साचतं, दाब वाढतो आणि मागच्या नसेवर ताण येतो. दाब मोजायचं माप मात्र बीपीसारखंच, पाऱ्याचे मिलिमीटर. साधारण दहा ते एकवीस ही नेहमीची मर्यादा.

आता गंमत अशी, की हा दाब आत जाऊन कुणीच मोजत नाही. मोजणार कसा, डोळ्याला भोक पाडून? सगळी यंत्रं बाहेरून दाबून अंदाज करतात. आपण लिंबू घेताना दाबून पाहतो ना, तसंच. आणि खरोखर पूर्वीचे डॉक्टर तेच करत. पेशंटला खाली पाहायला लावून पापणीवरून दोन्ही तर्जन्यांनी डोळा चाचपायचा. दगडासारखा लागला की दाब फार वाढला हे कळे. पण थोडा वाढला असेल तर बोटाला काय कळणार? ज्या डोळ्याला यंत्र लावताच येत नाही, तिथं आजही ही बोटंच कामी येतात.

यंत्र थेट बुबुळावर टेकवायचं तर डोळा बधिर करायला हवा. ते १८८४ साली जमलं. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. (हो, तेच ते कोकेन! आज त्याच्या जागी वेगळी, निर्धोक औषधं आहेत.) मग १९०५ साली नॉर्वेच्या शिऑट्झ नावाच्या डॉक्टरांनी एक सुटसुटीत उपकरण केलं. आमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी ते कपाटातून काढून मला दाखवलं. लहानशी पेटी, आत मखमल आणि चकचकीत धातूचं खेळण्यासारखं काहीतरी. पेशंटनं उताणं झोपायचं, छताकडे टक लावायची. बधिर केलेल्या बुबुळावर उपकरणाची वाटीसारखी बैठक ठेवायची. तिच्या मधली बारीक दांडी स्वतःच्या वजनानं खाली रुतते आणि वरचा काटा फिरतो. डोळा मऊ असेल तर दांडी खोल रुतते, काटा पुष्कळ फिरतो. डोळा कडक असेल तर काटा जेमतेम हलतो. म्हणजे इथं काट्याचा आकडा कमी तर दाब जास्त! मग तक्ता काढून आकडा शोधायचा. सुरुवातीचं वजन साडेपाच ग्रॅम. काटा फारच कमी हलला तर त्यावर जास्तीची वजनं चढवायची, साडेसात, दहा, पंधरा ग्रॅमपर्यंत.

"या पेटीनं मी कितीतरी खेडी पालथी घातली," डॉक्टर म्हणाले. "वीज नको, टेबल नको. शाळेच्या वर्गात बाकावर झोपवायचं आणि मोजायचं." ते बोलताना त्यांचा हात त्या पेटीवरून असा फिरत होता, की माझ्या आजीचा हात तिच्या पितळी डब्यावरून फिरायचा त्याची आठवण झाली. पण दोषही त्यांनीच सांगितले. दांडी रुतल्यानं डोळ्यातलं थोडं पाणी हलतं, म्हणजे मोजता मोजताच दाब बदलतो. शिवाय ज्यांना मोठ्या नंबरचा, लांबचं न दिसणारा चष्मा असतो, त्यांच्या डोळ्याची भिंत सैल असते. त्यांचा दाब शिऑट्झवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून ही पेटी आता बहुतेक ठिकाणी कपाटातच असते.

त्या पेटीची जागा घेतली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या डॉक्टर गोल्डमन यांच्या यंत्रानं. १९५० नंतरच्या दशकातलं हे यंत्र, पण आजही बाकीची सगळी यंत्रं त्याच्याशी ताडून पाहतात. हनुवटी टेकवून ज्या दुर्बिणीसारख्या यंत्रासमोर आपण बसतो, त्या स्लिट लॅम्पलाच ते जोडलेलं असतं. डोळ्यात बधिर करणारा थेंब, मग एक पिवळा रंग. निळा दिवा लागतो आणि एक छोटासा पारदर्शक शंकू अलगद येऊन बुबुळाला टेकतो. पेशंटला दिसतो तो फक्त निळा उजेड. डॉक्टरांना त्या उजेडात रंगाची दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. बाजूचं चाक फिरवत फिरवत ती दोन्ही आतल्या कडांनी एकमेकांना नेमकी टेकवायची. टेकली की चाकावरचा आकडा वाचायचा आणि दहानं गुणायचा.

हे मला पोळपाटावर कळलं, तेही सांगते. शिऑट्झचा प्रश्न असा, की ठरावीक वजन ठेवलं तर कणकेत ते किती रुतेल? गोल्डमनचा प्रश्न उलटा. कणकेची लाटी नेमकी एवढ्याच आकाराची चपटी करायला किती जोर लागेल? तो आकार ३.०६ मिलिमीटर व्यासाचा, तिळाच्या दाण्याएवढा म्हणा. हाच का? कारण या मापाला हिशेब सोपा होतो. एक ग्रॅम जोर लागला की दहा मिलिमीटर दाब. आणि बुबुळ इतकंसंच चपटं झाल्यानं आतलं पाणी फारसं हलत नाही, म्हणून मोजण्यानं दाबही फारसा बदलत नाही.

आईच्या बाबतीत घोटाळा झाला तो याच्याही पलीकडचा. गोल्डमननी हिशेब करताना बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, सगळ्यांची साधारण सारख्या जाडीची धरली. ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. पण सगळ्यांची सारखी कुठून असणार? पुन्हा लिंबाकडे या. कागदी लिंबू आणि जाड सालीचं ईडलिंबू दोन्ही रसानं सारखीच भरलेली असली, तरी कागदी लिंबू बोटाला मऊ लागतं. ज्यांचा कॉर्निया पातळ, त्यांचा दाब यंत्रावर कमी दिसतो; ज्यांचा जाड, त्यांचा जास्त. आईचा बराच पातळ निघाला. म्हणजे तिचे १७-१८ हे खरे त्याहून जास्त असणार. चष्मा घालवायला लेझर करून घेतलेल्या मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्या ऑपरेशननं कॉर्निया पातळ होतो आणि पुढे जन्मभर प्रेशर कमी दिसत राहतं. डोळ्यांच्या प्रत्येक डॉक्टरला ते आपणहून सांगायला हवं.

आणि खरोखरच दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस मरत जाते, असाही काचबिंदू असतो. तिथं तर कोणतंही यंत्र उपयोगाचं नाही. नसच पाहावी लागते.

हे सगळं चालू असताना डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं वय काय? आईला आहे म्हटल्यावर तुम्ही सगळ्या बहिणी-भावंडांनी तपासून घ्यायला हवं." आई-वडील किंवा सख्खी भावंडं यांना काचबिंदू असेल तर आपला धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यांच्या मदतनीस मुलीनं मला आधी फुंकरीच्या यंत्रापुढे बसवलं. आकडे आले २४ आणि २५. माझे हातपाय गार पडले. आईचे १६ आणि तिला काचबिंदू, मग माझ्या पंचविसांचं काय?

डॉक्टर मात्र शांत. त्यांनी गोल्डमनवर पाहिलं, १७ आणि १७. कॉर्नियाची जाडी मोजली, तो थोडा जाड. बाहुली मोठी करून नस पाहिली, ठणठणीत. "तुम्ही फुंकर येणार म्हणून आधीच डोळे घट्ट आवळले होते आणि श्वास रोखला होता," ते म्हणाले. ते खरंच होतं. मी तर मनात देवाचं नावही घेत होते.

पाहा कशी गंमत! आईचा चांगला आकडा फसवा, आणि माझा वाईट आकडाही फसवा. एकाच घरात, एकाच फुंकरीखाली.

म्हणून फुंकरीचं यंत्र टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. ग्रोलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी केलेलं हे यंत्र १९७२ पासून वापरात आहे. हवेचा झोत बुबुळ क्षणभर चपटं करतो, आणि त्यावरून परतणारा प्रकाश टिपून यंत्र हिशेब करतं. थेंब नको, स्पर्श नको, त्यामुळे एकाचा संसर्ग दुसऱ्याला व्हायची भीती कमी. शिकवलेली मदतनीसही ते चालवू शकते. शेकडो माणसं भराभर तपासायची तर याच्यासारखं दुसरं नाही. नेहमीच्या मर्यादेत त्याचे आकडे गोल्डमनशी बऱ्यापैकी जुळतात. दाब वाढलेला असला की तफावत वाढते. शिवाय नाडीच्या ठोक्यागणिक डोळ्यातला दाब थोडा वरखाली होतो, आणि फुंकर तर पापणी लवायच्या आत संपते. म्हणून एका फुंकरीवर भागवू नये. दोन-तीन घेऊन सरासरी काढावी. आईच्या डोळ्यावर प्रत्येकी एकच फुंकर मारली होती. मागे रांग होती ना.

बाकीची यंत्रं थोडक्यात सांगते. पर्किन्सचं हातात धरायचं यंत्र म्हणजे गोल्डमनचीच हलती आवृत्ती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किंवा ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या बाळाला तपासायला सोयीचं. टोनोपेन नावाप्रमाणेच जाडसर पेनसारखं. त्याच्या टोकाला पातळ रबरी टोपी चढवून बधिर डोळ्यावर टिचक्या मारायच्या. बुबुळावर जुना व्रण किंवा फूल पडलं असेल तर गोल्डमनची अर्धवर्तुळं वेडीवाकडी दिसतात, तिथं हे उपयोगी पडतं. आणि गेल्या वीसेक वर्षांत आलेलं फिनलंडचं आयकेअर. माझ्या भाच्याला याच यंत्रानं तपासलं, तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. एक बारीकशी हलकी काडी बुबुळाला हळूच आपटून मागे येते. चेंडू कडक जमिनीवरून जसा पटकन उसळतो, तशी कडक डोळ्यावरून ती पटकन परतते. सहा वेळा आपटते, यंत्र सरासरी देतं. थेंब नको, काडी प्रत्येकाला नवी. लहान मुलांना आणि घाबरट मोठ्यांना (म्हणजे मला) फार बरं. घरच्या घरी मोजायचं आयकेअरही निघालं आहे, पण ते महाग. जाड-पातळ कॉर्नियाचा घोळ मात्र यातल्या एकाही यंत्राला चुकलेला नाही.

मग आपण काय करायचं? डॉक्टरांशी यंत्रावरून वाद घालायचा नाही. पण चिठ्ठीवर आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहून मागायच्या. कोणत्या यंत्रावर मोजलं आणि किती वाजता. दिवसभरात दाब बदलतो. पुष्कळांचा पहाटे-सकाळी जास्त असतो. साताऱ्याला संध्याकाळी फुंकरीवर मोजलेला आणि सांगलीला सकाळी गोल्डमनवर मोजलेला, हे दोन आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' म्हणणं म्हणजे एका दुकानातला किलो आणि दुसऱ्यातला शेर ताडून पाहण्यासारखं आहे. शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच सुमारास मोजून घ्यावं. मोजताना गळ्याशी घट्ट काही नको, श्वास रोखायचा नाही, डोळे आवळायचे नाहीत. पिवळा रंग घातल्यावर डोळे पदरानं पुसू नका, डाग पडतो. जुना रुमाल न्या. बाहुली मोठी केली की काही तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो, म्हणून सोबत कुणीतरी हवं. आणि चाळिशीनंतर, घरात कुणाला असेल तर त्याआधीही, नुसतं प्रेशर मोजून न थांबता "नस पाहिलीत का?" एवढं विचारायचं. चष्म्याचा नंबर बदलताना हे सहज होऊन जातं.

आईच्या सवयींतल्या दोन गोष्टी डॉक्टरांनी बदलायला लावल्या. ती उठल्या उठल्या तांब्याभर पाणी एका दमात पीत असे. तेवढं पाणी एकदम प्यायलं की डोळ्यातला दाब काही काळ वाढतो. आता ती घोट घोट, वेळ घेऊन पिते. दुसरी सवय खरं तर तिची नाही, वहिनीच्या योगाच्या वर्गात नुकतीच लागलेली. डोकं खाली, पाय वर अशी आसनं तिला बंद. शीर्षासनात डोळ्यांचा दाब दुपटीपर्यंत जातो. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी योगाच्या बाईंना ते आधीच सांगावं.

माझ्या मावशीचीही कथा इथंच सांगते. तिचे डोळे उन्हाळ्यात खाजायचे. कधीतरी कुणीतरी लिहून दिलेले थेंब ती दर वर्षी औषधाच्या दुकानातून आणून घालायची. लगेच आराम पडायचा. ते स्टिरॉइडचे थेंब होते. स्टिरॉइडनं काहींच्या डोळ्यातला दाब न दुखता वाढत जातो. आईचं ऐकून तिनं तपासून घेतलं तेव्हा दाब वाढलेला निघाला. नशीब तिचं, की नस शाबूत होती आणि थेंब बंद केल्यावर दाब उतरला. तुमच्या कपाटात अशी एखादी जुनी बाटली असेल, तर आजच तिच्यावरचं नाव वाचा.

आणखी एक. काचबिंदूचा एक प्रकार मुळीच गुपचूप येत नाही, आणि तो पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त होतो. एकाएकी डोळा लाल होतो, अर्धं डोकं आणि डोळा असह्य दुखतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, नजर अंधुक होते आणि उलट्या सुटतात. उलट्या म्हटलं की आपण पित्त समजून सुंठ-साखर घेऊन पडून राहतो. तेव्हा पडून राहायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

आईला आता रोज रात्री एक थेंब घालायचा असतो. सुरुवातीला ती दोन-तीन घालायची, एकात काय होणार म्हणून. डोळ्यात एकच मावतो, बाकीचा गालावरून ओघळतो आणि बाटली लवकर संपते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. ज्यांना दमा आहे त्यांनी डॉक्टरांना तो न विसरता सांगायचा, कारण यातले काही थेंब दम्याला वाईट. या थेंबांनी आईला आधीपेक्षा चांगलं दिसणार नाही. उरलंय ते राखायचं, एवढंच. ही गोष्ट तिला समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. "उपयोग दिसत नाही तर घालायचे कशाला?" असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणते, आणि मी साताऱ्याहून रात्री नऊ वाजता फोन करते. "घातलास?" "घातला गं बाई." मागून वहिनीचा आवाज येतो, "आत्ता घालतायत!"

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, त्याच यंत्रावर, तशाच सकाळी. १२ आणि १३. डॉक्टर समाधानी होते. आईनं विचारलं, "म्हणजे आता पंधरापेक्षाही चांगलं ना?" त्यांनी हसून मान डोलावली आणि पुढच्या खेपेला बाजूच्या नजरेची तपासणी पुन्हा करायची असं कागदावर लिहिलं.

फ्रिजवरची जुनी चिठ्ठी मी काढली नाही. तिच्या खाली नवा कागद लावला आहे. तारीख, वेळ, यंत्र, आकडा, नस, असे पाच रकाने. भावाचं झालं, माझं झालं. कऱ्हाडच्या धाकट्या बहिणीचा रकाना अजून कोरा आहे. "मला सगळं स्वच्छ दिसतं, ताई," असं ती म्हणते. येत्या रविवारी मी तिला न विचारता तिच्याकडे उतरणार आहे.